नाटकातली मोलकरीण

बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी चौदा वर्षं मोलकरणीचं काम केलं. नाटक दरवर्षी वेगळं, मोलकरणीचं नाव वेगळं, पण फडकं तेच. लाल चौकड्यांचं, माझ्याच घरचं. ते खांद्यावर टाकून मी डाव्या विंगेतून आत आले की लोक आधी हसायचे आणि मग मी बोलायचे. परवा मंडळातून फोन आला. जुन्या कलाकारांचा सत्कार आहे, ताई, तुम्ही याच, आणि जमलं तर एखाद्या प्रवेशातली दोन-चार वाक्यं म्हणून दाखवा. बघते, म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ खुर्चीतून उठावंसं वाटेना. आजारी नव्हते, नुसता कंटाळा. या गोष्टीवर मी चिडून झालेय, रडून झालेय. आता एकदा सांगून टाकते आणि मोकळी होते.

बडोद्यात मराठी माणसं दोन प्रकारची. असं कुणी बोलून दाखवत नाही, पण ठाऊक सगळ्यांना असतं. एक, ज्यांचे आजे-पणजे संस्थानाच्या कचेरीत, न्यायखात्यात, शाळाखात्यात होते. पुढं संस्थान गेलं, गुजरात राज्य झालं, तरी त्यांच्या घरातली पुस्तकांची कपाटं, तंबोरे आणि हळू आवाजात बोलण्याची सवय जागच्या जागी राहिली. मुलं डॉक्टर, वकील, प्राध्यापक झाली. दुसरे आम्ही, पोटामागं आलेले. माझे वडील नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून नात्यातल्या एकाच्या ओळखीनं आले आणि प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात खलाशी, म्हणजे कारागिराच्या हाताखालचा मदतनीस, म्हणून लागले. आम्ही भावंडं रेल्वेच्या क्वार्टरमध्येच वाढलो. आरतीला दोन्ही प्रकार शेजारी शेजारी उभे राहायचे. नाटकात मात्र दिवाणखाना त्यांचा आणि चहाचा ट्रे आमचा. वर्कशॉपातल्या माणसांना गडी, पोस्टमन, फार तर हवालदार. एका वर्षी एका फिटरला इन्स्पेक्टरची भूमिका मिळाली, तर आमच्या क्वार्टरच्या ओळीत पेढे वाटले होते.

मी पहिल्यांदा तालमीला गेले तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, मुलगी चार वर्षांची. विमा कचेरीत नुकतीच कारकून म्हणून लागले होते आणि माझ्या मनात मोलकरीण अजिबात नव्हती. मला नाटकातली थोरली सून व्हायचं होतं. भाषा तर मी केव्हाच घासूनपुसून घेतली होती. दुसरीत असताना ‘म्या न्हाय केलं’ म्हणाले आणि सगळा वर्ग हसला, त्या दिवसापासून मी शाळेत एक आणि घरात एक बोलायला लागले. दहाव्या वर्षी आईला ‘आये’ म्हणणंही सोडलं. पहिल्यांदा ‘आई’ अशी हाक मारली तेव्हा कोण आलंय ते बघायला ती दारापर्यंत गेली होती.

तर थोरल्या सुनेचं पान मी वाचून दाखवलं. दिग्दर्शक म्हणजे आमचे सर. युनिव्हर्सिटीतून निवृत्त झालेले, पांढरा झब्बा, बोलणं मृदू. माणूस खरंच भला होता, हे मी आजही म्हणेन. डोळे मिटून त्यांनी ऐकलं.

“उच्चार अगदी स्वच्छ आहेत,” ते म्हणाले. “राहतेस कुठं?”

“तरसालीला. माहेर प्रतापनगरचं.”

“मूळची?”

मी गाव सांगितलं. सरांचे डोळे चमकले. “मग हे बघ, हे वाच. पण पुस्तकात लिहिलंय तसं नको. तुमच्या घरी बोलतात तसं.”

मी मोलकरणीचं पान वाचलं. समोर बसलेले सहा-सात जण पोट धरून हसले. सर म्हणाले, “तुला अभिनय करावाच लागणार नाही!” त्यांनी ते कौतुकानंच म्हटलं आणि मीही कौतुक समजूनच घरी घेऊन गेले. त्यातला काटा टोचायला मला चार-पाच वर्षं लागली, आणि तोवर मला टाळ्यांची चटक लागली होती.

खोटं कशाला बोलू, मला मजा आली. चौदा वर्षांत तीन वेळा बक्षीस मिळालं. शिवाय त्यांच्या घरांची दारं उघडली. तालमी कधी या घरी, कधी त्या. तिथं मी पुष्कळ शिकले. चहात साखर कमी घ्यायची. बशीत ओतून प्यायचा नाही. गाणं चालू असताना मान किती हलवायची आणि दाद कधी द्यायची. आवडलेल्या गोष्टीला ‘लय भारी’ म्हणायचं नाही, ‘बरं जमलंय’ म्हणायचं. मी लहरीपुऱ्याच्या बाजारातून पांढऱ्या कप-बशा आणल्या, पितळी डबे माळ्यावर टाकले, भिंतीवरचं देवांचं कॅलेंडर काढून मातीचा मुखवटा टांगला. नवरा स्वभावानं गरीब, पण त्यानंही एकदा विचारलं, “हा राक्षस इथं कशाला?” त्यांच्या घरी होता म्हणून.

आणि गंमत म्हणजे त्यांची मराठी तरी कुठं सोवळी होती! खिडकी लावायला सांगताना ‘बारी लाव गं, वारा येतोय’ म्हणत, भाजीऐवजी शाक चिरत, झोपाळ्याऐवजी हिंचक्यावर बसत. गुजरातीनं त्यांची भाषा अर्धी भरलेली, पण ती बडोद्याची गोड लकब. आमच्या ‘न्हाय’ आणि ‘व्हय’ला मात्र हसू. हे मला तेव्हा कळत होतं आणि मी त्यांच्याबरोबर हसतही होते.

नाटकात माझी मालकीण व्हायच्या त्या एका डॉक्टरांच्या पत्नी. दिसायला सुरेख, मनानं सरळ. पहिल्या वर्षी तालीम संपल्यावर त्या मला म्हणाल्या, “अगं, तेवढे कप आत नेतेस का?” मी नेले. आत गेलेच आहे तर विसळूनही टाकले. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगावं लागलं नाही. चौदा वर्षांत मला कुणी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही आणि चौदा वर्षं ते कप मीच नेले. बाकीच्या बाया नाटकावर बोलत बसायच्या. मोरीतून मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं आणि मनात मी त्यात भागही घ्यायची.

वडील गेले तशी आई तरसालीला माझ्याकडे राहायला आली. क्वार्टर तर वडिलांच्या निवृत्तीनंतरच सुटलं होतं, मधली काही वर्षं दोघं माझ्या भावाकडे होती. आई होती तशीच होती. नऊवारी, कपाळाला ठसठशीत गोंदण, आवाज खणखणीत. बोलणं अस्सल गावाकडचं. ‘माझं’ला ‘मपलं’ म्हणायची आणि ‘तुझं’ला ‘तुपलं’. तीस-पस्तीस वर्षं बडोद्यात काढून त्यात काडीचा फरक नव्हता. भाजीवाल्याशी, शेजारणींशी ती धडाधड गुजराती बोलायची, तीही चुकतमाकत, पण कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. तिच्या दृष्टीनं ती बाजाराची भाषा होती. घरात मपलं-तुपलं.

सरांना मी एकदा तालमीत ‘मपलं’ म्हणून दाखवलं तर ते जागेवरून उठले. “हे राहू दे! हे कुठं ऐकायला मिळत नाही आता.” तेव्हापासून मी घरी कान टवकारून राहायला लागले. आई कशी बसते, पदर कसा खोचते, चिडली की काय म्हणते. आधी लक्षात ठेवायची, मग एका वहीत लिहून ठेवायला लागले. ती शेंगा फोडत तिच्या बहिणीचं काही सांगत असायची, आणि मी गोष्टीकडे लक्ष न देता शब्द टिपत असायची.

नाटकाला तिला मी कधी नेलं नाही. आज गुडघे, उद्या परतीला रिक्षा नाही, परवा पाऊस. तिनं एकदा विचारलं, “तुपलं काम कंचं असतंय?” मी म्हटलं, “घरातल्या बाईचं.” ती शेजारणीला सांगून आली की माझी पोरगी नाटकात घरची मालकीण असते. मी दुरुस्त केलं नाही.

पंधराव्या वर्षी सरांनी मला बाजूला घेतलं. नव्या नाटकातली मोलकरीण अल्लड होती, उड्या मारणारी. “तू आता पोक्त दिसतेस,” ते म्हणाले. “तुझी मुलगी कॉलेजात गेली ना? तिला आण. आईचा वारसा चालवू दे.”

त्या नाटकात एक धाकटी मुलगी होती. कॉलेजात जाणारी, चष्मा लावणारी, बापाशी वाद घालणारी. माझी मुलगी चष्मा लावत होती, कॉलेजात जात होती, बापाशी वाद घालत होती. मला एवढंच म्हणायचं होतं, सर, तिला ते काम द्या. पाच शब्द. जिभेवर येऊन बसलेले. पण मी म्हणाले, “हो सर, आणते.” चौदा वर्षं कप विसळून अशी एक मागणी करायचं धाडस मी जमवलं नव्हतं, आणि मुलीच्या वेळी तरी ते जमवायला हवं होतं. या सगळ्या हकिगतीत मला सर्वांत जास्त लाज याच गोष्टीची वाटते.

मुलीला कशाचंच काही नव्हतं. गुजराती मैत्रिणी, मराठी घरापुरती, तीही ‘मम्मी, मी थाकून गेली’ अशी. ती म्हणाली, “मस्त! पण मला तसं बोलता कुठं येतं?” खरंच येत नव्हतं. आजीचं तिला कळायचं, पण ती उत्तर आपल्या पद्धतीनं द्यायची. मग मी वही काढली आणि तिला शिकवायला बसले. जी भाषा मी स्वतःच्या तोंडातून खरवडून काढली होती ती मुलीच्या तोंडात घास भरवावा तशी भरवायला लागले, कशासाठी, तर लोकांनी हसावं म्हणून.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईनं ऐकलं. आतल्या खोलीतून ती दारात येऊन उभी राहिली. मुलगी म्हणत होती, “मपल्या घरला बी चूल हाय, बाईसाब.”

“अगं बया!” आई म्हणाली. “पोरगी मपलं बोलाया लागली!”

तिला वाटलं, नात आजीचं बोलणं शिकतेय. का शिकेल, कशासाठी शिकेल, हा प्रश्न तिला पडलाच नाही. आपली माणसं आपलं बोलणं शिकतात, त्यात विचारायचं काय. ती खाली बसली आणि म्हणाली, “तसं तोडून नगं म्हनू. वढून म्हन. चूऽल हाय.”

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात जे चाललं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. दोघी गॅलरीत मेथी निवडत बसायच्या. आई तिला तिच्या माहेरच्या विहिरीचं, बैलांचं, भांडकुदळ चुलतीचं सांगायची. मुलगी अडखळत तशाच बोलीत विचारायची, “मंग काय झालं गं?” आई खुलली होती. जेवण वाढलं होतं तिचं. सकाळी मुलगी कॉलेजला निघाली की ती खिडकीतून ओरडायची, “नीट जा गं, मपले बाय!” आणि खालून उत्तर यायचं, “व्हय गं आज्जे!” मी स्वयंपाकघरात उभी राहून हे ऐकायची. मला कळत होतं की आईला खरं सांगितलं पाहिजे. पण तालमीत मुलीचं काम दिवसेंदिवस बहरत होतं, सर खूष होते, आणि आई खूष होती. सांगू नंतर, असं करत मी ते लांबवलं.

प्रयोगाला येणारच, म्हणून आई हटून बसली. “नात काम करती आन म्या घरी बसू व्हय?” गुडघ्यांचं नाव काढलं तर म्हणाली, चालत येते. ठेवणीतली हिरवी नऊवारी काढली. मी तिला तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसवलं. पुढं-मागं सगळी ती घरं. काहींनी आईला नमस्कार केला. आई प्रत्येकीला मोठ्यांदा “बरं हाय ना?” विचारत होती आणि मी खुर्चीत आकसत होते. त्या वयात, एवढं सगळं झाल्यावरही, आकसत होते.

पडदा उघडला. दिवाणखाना, सोफा, फुलदाणी. मुलगी डाव्या विंगेतून आली. खांद्यावर तेच फडकं. पहिल्याच वाक्याला हशा आला. आईसुद्धा हसली, माझा हात दाबून. तिला वाटलं, नातीचं कौतुक चाललंय. दुसऱ्या वाक्याला पुन्हा हशा. तिसऱ्यालाही. आई अजून हसत होती, पण आता ती स्टेजकडे बघत नव्हती. मान वळवून आजूबाजूचे चेहरे बघत होती.

मग तो चुलीचा प्रवेश. मालकीण ओरडते, तुला घरी जायची घाई कसली, आणि मोलकरीण म्हणते, मपल्या घरला बी चूल हाय, बाईसाब. मुलीनं ते आई शिकवायची तसंच म्हटलं, ओढून, थेट आईच्या आवाजात. त्या वाक्यात हसण्यासारखं काय होतं? घरी पोरं उपाशी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पण सभागृह हशानं फुटलं. वर मालकिणीनं वेडावून दाखवलं, “म्हणे चूऽल हाऽय!” नाटकात तसं लिहिलेलंच होतं. त्याला तर टाळ्या पडल्या.

आईनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, “का हसत्यात?”

“काम छान करतेय ना ती,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझा हात सोडला. डोक्यावरचा पदर थोडा पुढं ओढला आणि नाटक संपेपर्यंत मान खाली घालून बसली. मला वाटतं, नातीचं फडकं, माझी चौदा वर्षं आणि ती ‘घरातली बाई’ हे सगळं तिला त्या अर्ध्या तासात लागोपाठ कळलं असणार. ती अडाणी होती, मूर्ख नव्हती.

नाटक संपल्यावर सर मुद्दाम आले. हात जोडून म्हणाले, “आजी, आजचं यश तुमचं! असा अस्सल ठसका कुठं मिळणार? बोला ना काहीतरी, ऐकू द्या आम्हाला.” भोवती पाच-सहा जण जमले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू तयार होतं. वाईट हसू नव्हतं ते, आवडत्या पदार्थाची वाट बघतात ना, तसलं.

आई म्हणाली, “मने मोडुं थाय छे, भाई.” उशीर होतोय मला. आणि जिना उतरायला लागली.

मी तिची माफी मागायला हवी होती. रिक्षात मागायचं ठरवलं होतं, पण मुलगी मध्ये बसली होती, आनंदानं बडबडत होती, बक्षीस नक्की म्हणत होती. उद्या मागू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझ्याआधी उठून ओट्याशी उभी होती. मुलगी डोळे चोळत बाहेर आली.

“चा पीधी, बेटा?” आईनं चहाचं गुजरातीत विचारलं.

मुलगी हसली. तिला वाटलं, आजी मजा करतेय. रोजच्यासारखी लाडात येऊन म्हणाली, “न्हाय गं आज्जे, मपला कप कुठं हाय?”

आईनं कप तिच्या हातात दिला. आवाज चढलेला नव्हता, रागही नव्हता. बाजारात भाव विचारतात तितक्या साधेपणानं ती म्हणाली, “एवुं नहीं बोलवानुं, बेटा. लोको हसे.” असं बोलायचं नाही, लोक हसतात.

त्यानंतर आई सहा वर्षं जगली. आमच्याशी, माझ्याशीसुद्धा, ती शेवटपर्यंत गुजरातीतच बोलली.